मागच्या डाव्या टायरची घरघर

मी टायर बोलतोय. भिसेगावच्या नंदावहिनींच्या पांढऱ्या गाडीचा, मूळचा मागचा, डावीकडचा. बोलतोय म्हणजे काय, मधे आठ-नऊ महिने मी नुसता ओरडतच होतो. ओरडणाऱ्याला शिव्या मिळतात, त्याचं म्हणणं कुणी विचारत नाही. आता घसा जरा बसलाय, तेव्हा नीट सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. गावाचं नाव मला ठाऊक नाही. आठवतो तो फक्त साचा. चिकट काळं रबर, आत सुताचे आणि तारांचे थर, आणि वरून अशी धग की विचारू नका. साचा उघडला तेव्हा मी अंगभर नक्षी घेऊन बाहेर आलो. त्या नक्षीवर बारीक बारीक रबरी केस होते. नव्या टायरला असे केस असतात, तुम्ही पाहिले असतील. तुमच्या पोरांचं जावळ न्हावी काढतो, आमचं रस्ता काढतो.

माझ्या कुशीवर चार आकडे कोरलेले आहेत. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे जन्माची नोंद अंगावरच. ती वाचणारी माणसं फार थोडी. माझे मालक वाचायचे.

मालक म्हणजे दत्ताशेठ. शेठ नुसते नावाचे. कर्जतला भाताच्या गिरणीत मोटारी आणि पट्टे दुरुस्त करायचे. ते मला घ्यायला आले कुंभिवलीला, झहीरभाईंच्या दुकानात. हायवेच्या कडेला पत्र्याची शेड, बाहेर टायरांची चळत, आत हवेचा कंप्रेसर सारखा धडधडतोय. झहीरभाई मुरूडकडचे. त्यांच्या वडिलांनी इथं दुकान टाकलं आणि घर इथलंच झालं. बोटं कायमची काळी, आवाज मऊ.

मालकांनी चष्मा वर करून माझे चार आकडे वाचले, अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि म्हणाले, "हे चार द्या. ताजे हायेत." आंबे घेतल्यासारखं बोलले. मला फार बरं वाटलं.

माझी जागा ठरली मागे, डावीकडे. मालक गाडी चालवायचे ती सासूबाई मागे बसल्यासारखी, जपून. खड्डा दिसला की आधी वेग कमी करायचे. स्पीडब्रेकर तर असा ओलांडायचे की मला वाटायचं, झोपलेल्या माणसावरून पाऊल टाकतायत.

आणि दसरा यायचा. सकाळीच मालक बादली घेऊन अंगणात. गाडी धुवायची, मग जॅक लावायचा, चाकं काढायची, एकेक घासायचं आणि पुढचं चाक मागे, मागचं पुढे असं बसवायचं. हे सगळं झाल्याशिवाय हार नाही की हळदकुंकू नाही. नंदावहिनी ताट घेऊन दारात ताटकळत उभ्या असायच्या.

"झाली का चाकांची प्रदक्षिणा?" त्या विचारायच्या. "निरांजन इझलं माझं."

"होतेय गं. देवाला घाई नाय," मालक म्हणायचे.

खरं सांगतो, मलाही वाटायचं की हा पूजेचाच भाग आहे. आपट्याचं पान मिळायचं, झेंडूचा हार मिळायचा आणि नवी जागा मिळायची. पहिल्या दसऱ्याला मी पुढे आलो. दुसऱ्या दसऱ्याला परत मागे गेलो.

त्या दुसऱ्या दसऱ्यानंतर चार महिन्यांनी मालक गेले. सकाळी गिरणीत गेले होते, छातीत कळ आली आणि दुपारी माणसं घरी सांगायला आली. गाडी गिरणीबाहेरच उभी होती. ती मालकांचे धाकटे भाऊ, दशरथभावजी, घरी घेऊन आले. गाडीत ते एकटेच होते.

मग माझे उभे राहायचे दिवस आले. गाडीवर निळं ताडपत्रीचं कापड टाकलं. एकाच जागी चार महिने उभं राहून मी तळाशी चपटा झालो. नक्षीत मुंग्यांनी घर केलं. नंदावहिनी येता-जाता कापडावरून हात फिरवायच्या आणि आत जायच्या. मला वाटलं, संपलं आपलं.

पण त्या बाईनं कंबर कसली. कुंभिवलीच्या एका कंपनीत पॅकिंगला काम मिळालं, पण कंपनीची बस भिसेगावला येत नव्हती. वहिनींनी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी ड्रायव्हिंगचा क्लास लावला, लायसन काढलं आणि ताडपत्री ओढून काढली. पहिल्या दिवशी त्यांनी गाडी सात वेळा बंद पाडली. मी मोजलं. आठव्यांदा ती चालली आणि मुंग्यांचं बिऱ्हाड रस्त्यात पडलं.

शेजारी दशरथभावजी बसायचे, शिकवायला म्हणून. त्यांच्या पायाशी ब्रेक नव्हता, तरी ते तो सारखा दाबायचे. "वयनी, ट्रक! वयनी, कुत्रा! वयनी, वळण!" वळण तर पन्नास वर्षांपासून तिथंच आहे. माणसं स्वतः घाबरली की दुसऱ्याला सूचना देतात, एवढं मी रस्त्यावर शिकलोय.

हळूहळू वहिनींचा हात बसला. मग त्यांच्याबरोबर आणखी तिघी यायला लागल्या. विमलबाई सगळ्यांत मोठ्या, अंगानं भरदार, त्यांची जागा मागे डावीकडे, म्हणजे बरोबर माझ्या डोक्यावर. डोंगराखालच्या ठाकरवाडीची चिमा, ती रस्त्यावर येऊन थांबायची. आणि तेजश्री, विशीबाविशीची, कानात कायम काहीतरी घातलेली. रोज कर्जतहून पळसदरीवरून खोपोली, तिथून कुंभिवली, आणि संध्याकाळच्या आत परत. गाडीत भाजीचे भाव, सुपरवायझरच्या नकला आणि हसणं. मालकांच्या वेळी गाडी शांत असायची. आता ती नांदती झाली. दोन्ही मला आवडलं.

त्या वर्षी दसरा झाला नाही. घरात माणूस गेलं की वर्ष पाळतात. तोरण नाही, गोडधोड नाही, गाडीला हार नाही. पुढच्या वर्षी दशरथभावजींनी पुढाकार घेतला. गाडी धुतली, नारळ फोडला, हार घातला, चारी चाकांखाली लिंबू ठेवलं. मी माझं लिंबू चिरडलं आणि होतो तिथंच राहिलो.

त्यानंतर माझा घसा बिघडायला लागला.

आधी बारीक भुणभुण होती. मग ती वाढली. चाळीसच्या पुढे गाडी गेली की घूं-घूं-घूं, आणि साठला तर असं वाटावं की खालून दळण चाललंय. मला स्वतःलाच कळेना की हे काय होतंय. मी तसाच गोल, तसाच काळा. पण रस्त्याला टेकलो की आवाज यायचा, आणि तो थांबवणं माझ्या हातात नव्हतं.

गाडीतल्या बायकांनी आपापल्या परीनं निदान केलं.

"नजर लागली कुणाची तरी," विमलबाई म्हणाल्या. "चार बाया आपली आपण जातात, बघवत नाय लोकांना."

"खाली भुंगा शिरलाय गं," चिमा म्हणाली. "आमच्या वाशात शिरतो तसा."

तेजश्रीनं कानातलं काढून क्षणभर ऐकलं. "काकी, गाणी मोठ्यानं लावा. आवाज येणार नाय," ती म्हणाली आणि पुन्हा कानात घातलं.

वहिनींनी गाणी मोठ्यानं लावली. मीही मोठ्यानं घुमलो.

मग एका गॅरेजात नेलं. तिथल्या मेकॅनिकनं चावी फिरवून दोन मिनिटं ऐकलं, गाडी जागची हलवलीसुद्धा नाही, आणि सांगितलं, "बेरिंग गेली." जुनी काढली, नवी घातली. जुनी चांगली ठणठणीत होती, माझ्या शेजारचीच ती, मला माहीत आहे. आवाज होता तसाच राहिला. आता वहिनींचा धीर सुटायला लागला. त्या चाळीसच्या वर जाईनात. हायवेला मागचे ट्रक हॉर्न मारून जीव खायचे. विमलबाईंनी डुलकी घेणं बंद केलं आणि दाराची कडी धरून बसायला लागल्या.

आणि दशरथभावजींनी निकाल दिला. "वयनी, गिअरबॉक्स गेलाय. गाडीला घरघर लागलीय. रस्त्यात कुटं चाक निखळलं तर? नेरळचा एक माणूस हाय, रविवारी बघायला येतोय. देऊन टाका."

गाडी गेली की काम गेलं, हे वहिनींना कळत होतं. तिघींचंही काम अडलं असतं. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की स्टेअरिंगवर बसल्यावर त्यांची पाठ ताठ व्हायची, ती मी रोज खालून अनुभवत होतो. रविवारनंतर ती बाई पुन्हा कुणाच्या तरी मागे बसून जाणार होती. आणि या सगळ्याला कारण मी होतो. मला बोलता येत असतं तर मी त्याच दिवशी कबुली दिली असती. पण कबूल काय करायचं तेच मला ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी शिफ्ट सुटल्यावर वहिनींनी गाडी घराकडे न वळवता झहीरभाईंच्या शेडसमोर उभी केली. ऊन अजून होतं. तिघी जणी बाकावर बसल्या.

"झहीरभाई, गाडी बघा जरा. रविवारी गिऱ्हाईक येतंय."

"इकताय?" झहीरभाई हात पुसत बाहेर आले. "दत्ताशेठची गाडी?"

"काय करू? बेरिंग बदलली तरी आवाज हायच. भावजी म्हणतात गिअरबॉक्स."

मला वाटलं, आता हेही चावी फिरवतील. पण झहीरभाईंनी गाडीला हात लावला नाही. त्यांनी वहिनींनाच विचारलं, "आवाज कसा येतो, कवा येतो, तेवडं आदी सांगा."

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. वहिनी सांगायला लागल्या. "चाळीसच्या वर गेली का चालू होतो. जशी पळंल तसा वाढतो. ब्रेक दाबला तरी मोडत नाय. आन् पळसदरीच्या बाजूला नवा डांबरी केलाय ना, तितं कमी होतो. सिमेंटच्या रस्त्याला लागलो का परत दळण."

"मंग अर्दा रोग तुमीच सांगितलात की वयनी," झहीरभाई म्हणाले.

त्यांनी मीटर लावून आमची हवा पाहिली. माझ्यात हवी त्याहून बरीच कमी निघाली. मला लाज वाटली, पण झहीरभाई फक्त "हं" म्हणाले आणि चारी टायरांत बरोबर भरली. नक्षीत अडकलेले चार खडे स्क्रूड्रायव्हरनं काढले. मग ते डावीकडचं दार उघडून बसले. "चला. तुमी चालवा, मी ऐकतो."

हायवेला गाडी निघाली. झहीरभाईंनी ना दाराची कडी धरली ना पायानं खोटा ब्रेक दाबला. डोळे मिटून बसले. पन्नासला गाडी आली आणि मी घुमायला लागलो.

"मागं कोण नाय ना? आता गिअर काढा, न्यूट्रल करा. पाय उचला."

इंजिनाचा आवाज खाली बसला. माझा तसाच.

"बगा. इंजिनाचा हात सुटला, तरी ह्यो गातोयच. मंग गिअरबॉक्सचा काय संबंद? आता रस्ता मोकळा हाय तवर जरासं डावीकडं घ्या. आता उजवीकडं. हळू."

गाडी नागमोडी गेली. मी एकाच सुरात होतो.

"बेरिंग असती तर एका अंगावर वजन पडल्यावर ओरडली असती, दुसऱ्या अंगाला गप झाली असती. ह्याला काय फरक नाय. आन् रस्ता बदलला का आवाज बदलतो, ते तुमी मगाशीच सांगितलंत." त्यांनी डोळे उघडले. "घ्या माघारी. टायर हाय."

शेडमध्ये आल्यावर मला जॅकवर उचललं. झहीरभाईंनी मला हातानं गरगर फिरवलं, दुसऱ्या हाताचा तळवा स्प्रिंगवर ठेवला. कुठं थरथर नाही, म्हणजे बेरिंग ठीक. मग म्हणाले, "वयनी, ह्याच्या नक्षीवरनं हात फिरवा. पुढून मागं."

वहिनींनी हात फिरवला. "गुळगुळीत हाय की."

"आता उलटा. मागून पुढं."

त्यांनी हात फिरवला आणि चटकन मागे घेतला. "अगं बाई! खवणीगत लागतंय!"

तिघी जणी बाकावरून उठून आल्या. सगळ्यांनी मला उलटसुलट हात लावून पाहिला. माझ्या आयुष्यात एवढे हात एका दिवसात कधी लागले नव्हते.

झहीरभाई समजावून सांगायला लागले. "मागची चाकं नुसती फरफटत येतात. एकाच जागी, एकाच बाजूनं घासली का नक्षीच्या एकेका ठोकळ्याची एक कड झिजते आन् दुसरी उभी ऱ्हाते. त्ये दात. रस्त्यावर एकामागं एक आपटतात, त्याचा ह्यो आवाज. हवा कमी असली का आणखीच. म्हणून वर्साला एकदा पुढचे टायर मागं, मागचे पुढं करायचे." मग त्यांनी सहज विचारलं, "दत्ताशेठ न चुकता करायचे. तुमी कवा केले?"

वहिनींनी परत एकदा माझ्या दातांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, "ते दसऱ्याला करायचे. पूजेच्या आदी. ते गेले त्या वर्सी आमी दसरा केला नाय. गेल्या साली भावजींनी हार घातला, नारळ फोडला, पण चाकं…" त्या थांबल्या. "मला वाटलं, देवाचं असतं ते."

विमलबाईंनी तोंडावर हात नेला. झहीरभाई हसले, पण वहिनींना नाही.

"त्याचं काय झालं, सांगतो. ह्या टायरांच्या आदीची गोष्ट. मी त्यांना म्हणलो, शेठ, धा हजार किलोमीटर झालं का टायरांच्या जागा बदलत जा. ते म्हणले, झहीरभाई, किलोमीटर माझ्या ध्यानात ऱ्हात नाय, तारीख ऱ्हात नाय. सण ऱ्हातो. दसऱ्याला करतो. त्या दिवसापासनं कदी चुकले नाय."

वहिनी खाली स्टुलावर बसल्या. "मंग संकष्टीला?" त्यांनी विचारलं. "दर संकष्टीला गणपतीला जायचे, गाडी घेऊन. येताना पंपावर थांबायचे."

"हवा," झहीरभाई म्हणाले. "म्हयन्यातून एकदा."

"शिमग्याला होळी पेटायच्या आदी गाडीखाली शिरायचे. मी वरडायची, सणाचे कपडे काळे करता म्हणून."

"ऑइल."

"वटपौर्णिमेला मी वडाला दोरा गुंडाळत असायची, आन् हे काचेपाशी उभे."

"वायपर. पावसाच्या तोंडावर."

वहिनी हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. चिमानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "इतकी वर्सं," त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, ह्यांना देवाचं लई. आन् हे आमची काळजी करत होते. सांगायचं तरी!"

"त्यांचं बगून मीपण लावून घेतलं," झहीरभाई म्हणाले. "कंप्रेसरमदलं पाणी काढायचं माझ्या ध्यानात ऱ्हायचं नाय. आता दर जुम्म्याला नमाजाला जायच्या आदी काढतो. आजच काढलं."

मला त्या क्षणी मालकांची जी आठवण आली ती सांगता येत नाही. माणसं म्हणतात, तो फार देवभोळा होता. मालक देवभोळे होते की नाही, मला ठाऊक नाही. पण त्यांनी देवाच्या दिवसांना आमच्या गाठी मारून ठेवल्या होत्या, म्हणजे विसरायला नकोत. एवढा जीव कुणी टायराला लावत नाही. मी त्यांचा ऋणी आहे.

"मंग आता पुढचं मागं केलं का आवाज जाईल?" वहिनींनी डोळे पुसत विचारलं.

झहीरभाईंनी त्यांना खोटं सांगितलं नाही, याबद्दल मी त्यांचेही आभार मानतो. "लगेच नाय जायचा. आता तो पुढून येईल. पुढची चाकं गाडी ओढतात, वळतात, तेवा हे दात हळूहळू घासून बसतील. दोन-तीन म्हयने लागतील. पण आवाज पुढं सरकला का समजा, रोग टायरातच हाय, दुसरीकडं कुटं नाय."

"पण रविवारी त्यो माणूस येतोय. त्याला आवाज ऐकू येणारच."

"येणार," झहीरभाई म्हणाले.

डावीकडचं पुढचं चाक त्यांनी काढलं. उजवीकडं वळले तेव्हा वहिनींनी हात पुढे केला. "पाना मला द्या. ह्या बाजूचे नट मी काडते." नट घट्ट होते. वहिनींनी पान्यावर पाय ठेवून अंगाचा भार टाकला. विमलबाई ओरडल्या, "अगं नंदे, पडशील!" नट कर्र करून सुटला. तेजश्रीनं टाळी वाजवली. आणि मी दोन वर्षांपेक्षा जास्त काळानं पुढे आलो, वहिनी बसतात त्या ओळीत.

रविवार उजाडला. नेरळचे गृहस्थ आले, कडक इस्त्रीचा शर्ट, चष्मा कपाळावर. दशरथभावजी सकाळपासून अंगणात येरझाऱ्या घालत होते. गृहस्थांनी गाडी चालवून पाहिली आणि दहा मिनिटांत परत आणली. मी माझ्याकडून गप्प बसायचा फार प्रयत्न केला. जमलं नाही.

"आवाज आहे हो," गृहस्थ म्हणाले. "मोठा आहे."

"मी सांगत नव्हतो?" भावजी वहिनींकडं वळले. "गिअरबॉक्स!"

वहिनी पायरीवरून उठल्या. "दोगं बसा गाडीत," त्या म्हणाल्या. भावजी पुढे बसायला गेले, तर त्यांना मागे बसवलं.

पळसदरीच्या रस्त्याला त्यांनी गाडी पन्नासवर नेली, मागे कुणी नाही हे आरशात पाहिलं आणि गिअर काढला. "ऐका. इंजिन गप झालं, आवाज हाय. म्हंजे गिअरबॉक्स नाय." मग डावीकडं, उजवीकडं. "फरक पडला? नाय. म्हंजे बेरिंग नाय. शुक्रवारपत्तुर आवाज मागून येत होता. मी चाकांच्या जागा बदलल्या, आता पुढून येतो. म्हंजे टायर. त्याचे दात घासले का आवाज कमी होईल. न्हाई झाला तर टायर बदलायचे. बाकी गाडीला काय एक झालेलं नाय."

गृहस्थांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. त्यांना गाडी आता एकदम पसंत पडली. अंगणात उतरल्या उतरल्या ते म्हणाले, "ताई, तुम्ही म्हणाल तसं. उद्याच कागदपत्रं करू."

"चला, जमलं!" भावजींचा चेहरा उजळला.

"नाय," वहिनी म्हणाल्या. "मी इकायला नाय दाखवलं. भावजींना कळावं म्हणून दाखवलं. तुमाला हेलपाटा पडला, माफ करा. चहा घेऊन जा."

गृहस्थ चहा न घेता गेले. दशरथभावजी तिथंच उभे राहिले. मला वाटलं, आता भांडण होणार. पण त्यांचा आवाज बारीक झाला. "वयनी, मी गाडीच्या वाईटावर नाय. दादा सकाळी ह्याच गाडीतनं गेला, आन् ही गाडी मी एकटा घेऊन आलो. तुमी रोज हायवेला जाता. तुमी घरी येईपत्तुर माझा जीव थाऱ्यावर नसतो. आवाज यायला लागला, मला वाटलं, बरं झालं, आता इकता येईल."

वहिनी त्यांच्याजवळ आल्या. "माज्या ध्यानात यायला पायजे होतं, भावजी," त्या म्हणाल्या. "येत्या संकष्टीला हवा बघायला जायचंय. तुमी चला संगं. चालवीन मी, पण मीटर तुमी धरा."

"धरतो," भावजी म्हणाले, आणि बाहीनं डोळे पुसले.

त्याला आता तीन महिने झाले. भावजी दर संकष्टीला येतात, मीटर धरतात, आणि अजूनही मधूनच पायानं ब्रेक दाबतात. माझे दात बरेच घासले गेलेत. आवाज खाली आलाय. विमलबाई पुन्हा डुलक्या घ्यायला लागल्यात आणि चिमा म्हणते, भुंगा गेला. मला समाधान आहे. मला घडवणाऱ्यांपासून माझ्यावर हात फिरवणाऱ्या त्या चौघींपर्यंत सगळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत. निदान न करता मला फेकून दिलं असतं तर मी कुणाला दोष देणार होतो?

पण परवा झहीरभाईंनी माझ्या नक्षीत बोट घालून पाहिलं आणि वहिनींना म्हणाले, "सहा म्हयने. फार तर आठ. मंग बदलावे लागतील." वहिनी लगेच म्हणाल्या, "ह्यांनी घेतलेले टायर हायेत, झहीरभाई. जमेल तवर चालवीन." तेव्हापासून मला चैन नाही, आणि म्हणूनच खरं तर हे सगळं सांगायला बसलो.

वहिनी, माझं ऐका. माझी नक्षी झिजत जाईल तसा मी आणखी शांत होईन. एक दिवस गाडी इतकी सुरेख चालेल की तुम्हाला वाटेल, टायर बरा झाला. तो बरा झालेला नसेल, गुळगुळीत झालेला असेल. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबलात तर मला थांबता येणार नाही, आणि तेव्हा मी ओरडूनही सांगणार नाही. त्याआधीच मला उतरवा. मालकांची आठवण म्हणून मला ठेवू नका. त्यांनी मला जपलं ते माझ्यासाठी नव्हतं. तुम्ही रोज घरी यावं म्हणून होतं.